पंचवीस मिलिमीटरचा बाक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मिरजेच्या बहिणीला नाही. देवासमोर रोज हात जोडते, पण तिथेही हा विषय टाळूनच पुढे जाते — त्याला काय, सगळं ठाऊकच असणार, अशी स्वतःची समजूत घालून. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर जिला ओळखता ती बाई मी नव्हे, एवढं तरी आज कळेल.

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन म्हैसूरला आले त्याला चौतीस वर्षं झाली. सासरची माणसं इथे पाच-सहा पिढ्यांची. घरात मराठी बोलतात, पण त्यातली निम्मी कन्नडच. आता मीही वाण्याची यादी कन्नडमध्ये लिहिते. नोकरी कन्नडमध्ये केली, शेजाऱ्यांशी भांडले कन्नडमध्ये. मराठीत इतकं लांबलचक लिहायची ही पहिलीच वेळ. मराठीतच का, त्याला कारण आहे — पण ते आत्ता नको. आत्ता सांगायला जीभ रेटत नाही.

शाळेत मी गणित आणि पीटी शिकवायचे, आणि सुट्ट्यांमध्ये हॉकीच्या स्पर्धांना टेबलावर बसायचे. टेबलावर म्हणजे मैदानाच्या कडेला. खेळाडूंची नावं, गोल, कार्डं यांची नोंद ठेवायची आणि सामन्याआधी प्रत्येकीची स्टिक तपासायची. पंच शिट्टी वाजवतो, त्याला शिव्या का होईना, पण लोक ओळखतात. टेबलावरच्या बाईकडे कोण बघतं? पण कुठली स्टिक मैदानात जाईल आणि कुठली नाही, हे ती बाई ठरवते. मला त्याची घमेंड होती — चांगली सणसणीत घमेंड.

हॉकीची स्टिक सरळसोट नसते. सपाट बाजू खाली करून ती टेबलावर ठेवली तर मधे थोडी उचललेली दिसते. त्याला बाक म्हणा. हा बाक पंचवीस मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम आहे. बाक जास्त असला की पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे गोलावर मारायच्या खास संधीला, चेंडू स्टिकवर घोळवत ओढता येतो आणि तो गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. समोरच्या मुलीच्या गुडघ्यावर बसला तर ती जन्माची अधू. म्हणून हा नियम, आणि तो चांगला आहे, आजही मी त्याच्या बाजूची आहे. तपासायची रीत सोपी. पंचवीस मिलिमीटर जाडीचा धातूचा एक तुकडा असतो, त्याला गेज म्हणतात. तो स्टिकखालून सरकवायचा. अडला तर स्टिक पास, आरपार गेला तर बाद. इथे मत नाही, दयामाया नाही, ओळखपाळख नाही. मला हे काम आवडायचं ते त्यामुळेच. टेबल समतल आहे की नाही हे बघायला मी पर्समध्ये काचेची एक गोटी ठेवायचे आणि आधी ती टेबलावर ठेवून बघायचे. मुली हसायच्या. हसोत बापड्या.

आता दसऱ्याकडे येते. अकरा वर्षं झाली.

म्हैसूरला आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, फार मनापासून करतात. रिक्षा, बस, शिलाई मशीन, सगळ्यांना झेंडूच्या माळा. रस्त्यावर इतके कोहळे फोडलेले असतात की स्कूटर जपून चालवावी लागते. आमच्या घरी सासूबाई चौरंगावर विळी, कात्री, नवऱ्याचे पाने-पक्कड असं सगळं मांडतात. त्यात माझं गेजही असायचं, आणि ते मीच कौतुकाने नेऊन ठेवायचे. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी, दशमीला, नमस्कार करूनच ती आयुधं उचलायची. मधे हात लावायचा नाही. त्या दिवशी आमच्याकडे भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवलेली असते.

त्या वर्षी दसऱ्याच्या निमित्ताने मुलींची स्पर्धा होती. अंतिम सामना दसऱ्यानंतर व्हायचा होता, म्हणून मी निवांत. पूजा आटोपली, गेजला हळदकुंकू लागलं, आणि दहाच्या सुमाराला फोन आला — मैदान पुढे मिळत नाही, सामना आजच दुपारी. मी चौरंगाकडे वळले तर सासूबाई मधे उभ्या. "अय्यो, पूजेला बसवलेलं आयुध आज हलवतात का गं? नाळे घे. आय्ता?" नाळे म्हणजे उद्या, आय्ता म्हणजे कळलं ना. घरात पाहुणे जमलेले, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर.

मी ते उचलू शकत होते. म्हातारी दोन दिवस बोलली नसती, एवढंच. माझी काही त्या रिवाजावर फार श्रद्धा होती असंही नाही. पाहुण्यांसमोर तमाशा नको, एवढाच विचार केला. दाराला अडसर म्हणून आम्ही शिसवी लाकडाचा एक चपटा ठोकळा वापरायचो, नवऱ्याच्या काकांच्या नक्षीकामाच्या कारखान्यातून आलेला, गुळगुळीत रंधलेला. मी शाळेची पट्टी काढली आणि त्याची जाडी मोजली. बरोबर पंचवीस! देवच पावला असं वाटलं मला. ठोकळा पर्समध्ये टाकला, गोटी होतीच, आणि निघाले.

टेबलावर शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, आज लाकडी गेज कसं? मी म्हटलं, शाळेचं आहे, प्रमाणित आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. खोटं बोलायला मला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही — हे तेव्हा लक्षात आलं नाही, आता रोज येतं.

तीसेक स्टिका तपासल्या. सगळ्या अडल्या. मग भाग्याची आली.

भाग्या सोसलेची. तिथे जुना मठ आहे, त्या गावची. सतरा वर्षांची, काटक, तोंडाने गरीब. पण पेनल्टी कॉर्नरला चेंडू असा ओढायची की गोलकीपर मुली डोळे मिटून घ्यायच्या. तिचे वडील गावात सायकल दुरुस्ती आणि वेल्डिंगचं दुकान चालवायचे आणि मुलीचा एकही सामना चुकवायचे नाहीत. त्या दिवशी एका सरकारी खात्याच्या संघाचे निवड करणारे लोक येऊन बसले होते, आणि ते भाग्यालाच बघायला आले आहेत हे मैदानावर सगळ्यांना माहीत होतं. खेळाच्या जोरावर नोकरी. सोसलेच्या वेल्डरच्या मुलीला आणखी काय हवं?

मी तिची स्टिक टेबलावर पालथी ठेवली आणि ठोकळा सरकवला. तो आरपार गेला. घासून गेला, पण गेला. मी पुन्हा सरकवला. पुन्हा गेला.

मी तिच्याकडे न बघता स्टिक बाजूला ठेवली आणि बाद म्हणून सांगितलं. तिला वाटलं मी गंमत करते आहे. ही स्टिक आधीच्या तीन सामन्यांत पास झाली होती हो — माझ्याच हातून, माझ्याच गेजने! त्या वेळी तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला नको होता का? पडला, पण उलटा. मला वाटलं, म्हणजे मधल्या दिवसांत कुणीतरी ही वाकवली आहे. या स्टिका गरम केल्या की वाकतात, काही लोक तसं करतात. आणि मुलीचा बाप वेल्डर. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं, आणि मी ते तोंडाने बोलून दाखवलं. तिच्या प्रशिक्षकासमोर, तिच्यासमोर, टेबलाजवळ आलेल्या तिच्या वडिलांसमोर.

प्रशिक्षकाने त्यांच्याकडे वळून बघितलं, मग सगळ्यांनीच बघितलं. त्यांच्या हातांवर जुने भाजल्याचे डाग होते, आणि मला आठवतं, त्यांनी ते हात पाठीमागे घेतले. "नानु मुट्टिल्ल, मॅडम," एवढंच ते म्हणाले. मी हात लावलेला नाही. चार दिवसांपूर्वी मुठीवरची पट्टी तेवढी नवी गुंडाळून दिली, बाकी हात लावलेला नाही. भाग्या त्यांच्याकडे बघत राहिली. ती रडली नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी पुसलं गेल्यासारखं झालं. मग ती दुसऱ्या मुलीची स्टिक घेऊन मैदानात गेली.

पाच पेनल्टी कॉर्नर मिळाले त्यांना. पाचही भाग्याने घेतले, पाचही वाया गेले. परकी स्टिक, तीही तिच्या उंचीला आखूड. संघ हरला. निवड करणारे चहा पिऊन निघून गेले. आणि मी माझ्या अहवालात सुवाच्य अक्षरात लिहिलं — स्टिक उष्णता देऊन वाकवल्याचा संशय.

बाद झालेली स्टिक सामन्यानंतर परत न्यायची असते. न्यायला कुणी आलं नाही, म्हणून ती माझ्या स्कूटरवर घरी आली.

दुसऱ्या दिवशी दशमीला सासूबाईंनी आयुधं उचलायला परवानगी दिली. मी गेज घेतलं, आणि कशासाठी कोण जाणे — बहुधा आपण किती बरोबर होतो हे पुन्हा एकदा बघायला — भाग्याची स्टिक ओट्याच्या कडप्प्यावर ठेवून गेज सरकवलं. ते अडलं.

मला वाटलं, हळदकुंकवाचा थर आहे. धुतलं, पुसलं, कोरडं केलं. अडलं. गोटी ठेवून ओटा तपासला. तो समतल होता. या बाजूने, त्या बाजूने, सहा-सात वेळा सरकवून बघितलं. मग गेज आणि ठोकळा शेजारी शेजारी उभे केले. ठोकळा बारीक होता. दोन मिलिमीटरने, डोळ्याला दिसेल इतका बारीक! मी पट्टी आणली. ती माझी वर्गातली लाकडी पट्टी होती. पोरं गप्प बसावीत म्हणून वर्षानुवर्षं टेबलावर आपटून आपटून तिचं टोक झिजलं होतं. शून्याची खूणच शिल्लक नव्हती, पट्टी दोनपासून सुरू होत होती. गणिताची बाई मी! पोरांना शिकवायची, मोजायच्या आधी शून्य बघा रे.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर नव्हताच.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, चूक झाली, माणसाकडून होते. बरोबर आहे. एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. माझा दोष इथून पुढे आहे.

अहवाल अजून माझ्याच पर्समध्ये होता. स्पर्धाप्रमुखांचा नंबर पाठ होता. एक फोन. माझ्या मोजमापात चूक झाली, मुलीची स्टिक योग्य होती, तिच्या वडिलांनी काही केलेलं नाही. तीन वाक्यं. सामना परत झाला नसता, पण निवड करणारे अजून दोन दिवस म्हैसुरातच होते. मी ओट्याशी उभी राहून त्या वाक्यांची मनात जुळवाजुळव केली, आणि प्रत्येक वेळी पुढचा प्रश्न मला ऐकू यायचा — मॅडम, मग ते प्रमाणित गेज कुठलं होतं? दाराचा अडसर होता, असं सांगायचं? त्याच महिन्यात राज्याच्या यादीत माझं नाव जायचं होतं. आमच्या भागातून पहिल्याच बाईचं. मी फोन केला नाही. सणाचा दिवस आहे, उद्या करू, असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी अहवाल देऊन आले, होता तसा. स्टिक जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली.

भाग्याची निवड झाली नाही. संशय चिकटलेली मुलगी कोण घेणार? वर्षभरात तिचा खेळ सुटला, असं कानावर आलं. माझं नाव यादीत आलं.

आणि पुढचं ऐका. तो प्रसंग माझी कीर्ती झाला. बाई अंतिम सामन्यातसुद्धा सोडत नाहीत, असं लोक सांगू लागले. नव्या ऑफिशियलच्या शिबिरांत मला बोलवायचे, आणि मी तो किस्सा सांगायचे — स्वतःहून! तीन सामने पास झालेली स्टिक चौथ्याला पुन्हा तपासा, गाफील राहू नका, असं त्याचं तात्पर्य. नाव घ्यायचे नाही, एवढी सभ्यता होती माझ्यात. पोरंपोरी वहीत लिहून घ्यायची. पहिल्या एक-दोन वेळा मधेच थांबून पाणी प्यायचे. नंतर त्याचीही गरज लागेना. किस्सा छान रंगायचा.

मागच्या वर्षी, मी निवृत्त झाल्यावर, कडकोळच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. नंजनगूड रस्त्याला ती सगळी वसाहतच कारखान्यांची. कामगार बायकांच्या खेळांना पाहुणी म्हणून जायचं होतं. लिंबू-चमचा, रस्सीखेच, दोरीवरच्या उड्या. मी गेले. माइकवर ओळख करून द्यायला एक सुपरवायझर बाई उठली, निळा कोट, केस घट्ट बांधलेले. ती बोलायला लागेपर्यंत मी तिला ओळखलं नाही. भाग्याच ती. ती कन्नडमध्ये म्हणाली, या मॅडमनी मला लहानपणी एकदा पकडलं होतं, तेव्हापासून मी वाकडं काम केलेलं नाही. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. टाळ्यांना हात जोडले मी.

नंतर चहाच्या वेळी ती माझ्या पाया पडली आणि शेजारी बसली. मुलगी आहे तिला, आठ वर्षांची, तिलाही हॉकीचं वेड. मी विचारलं — काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं — वडील कसे आहेत?

"अप्पा होगबिट्रु, मॅडम. दोन वर्षं झाली." वडील गेले. मग ती हळूहळू बोलत गेली. त्या दिवसानंतर ती त्यांच्याशी नीट बोललीच नव्हती. लग्नात सुद्धा जेवढ्यास तेवढं. नातीसाठी त्यांनी लाकडाची छोटी स्टिक घडवून आणली होती, ती हिने घरात घेतली नाही. तुमच्या हाताने एकदा माझं वाटोळं झालं, तेवढं पुरे, असं तोंडावर म्हणाली. ते स्टिक घेऊन बसने सोसलेला परत गेले. शेवटच्या आजारात ही उशाशी बसायची. रोज वाट बघायची, आज तरी कबूल करतील. "ओप्पलिल्ल, मॅडम," ती म्हणाली. कबूल नाही केलं. मी हात लावला नाही, हेच शेवटपर्यंत. मरताना तरी माणसाने खोटं का बोलावं, मॅडम? तरी मी माफ केलं त्यांना. बरोबर केलं ना मी?

आम्ही दोघीच होतो. बायका तिकडे बक्षिसांच्या टेबलाभोवती जमल्या होत्या. तिने माझ्याकडे बघून सरळ प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर जगात फक्त मला माहीत होतं.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "मोठ्या मनाची गं तू. माफ केलंस, चांगलं केलंस."

झालं. हे सांगायचं होतं. पट्टी झिजली होती ती माझी चूक. फोन केला नाही तो माझा भित्रेपणा. पण कडकोळला मी जे बोलले त्याला काय म्हणायचं, ते मला कुठल्याच भाषेत सापडलेलं नाही. ज्याने काही केलंच नाही त्या माणसाला त्याच्या मुलीने माफ केलं, आणि मी तिला शाबासकी दिली. माझं वय, माझी नोकरी, सासूबाई, पाहुणे, यांतलं कुणी त्या वेळी मधे उभं नव्हतं.

आज सकाळी माळ्यावरून ती स्टिक काढली. मुठीवरची पट्टी अजून घट्ट आहे, एकही वेढा सुटलेला नाही. त्यांनी गुंडाळलेली. ओट्यावर ठेवून पुन्हा गेज सरकवलं, आणि ते अडलं.

भाग्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. निघताना तिनेच हौसेने घालून दिला.

मराठीत का लिहिलं, ते सांगायचं राहिलं. कन्नडमध्ये लिहिलं असतं तर अर्ध्या वेळात झालं असतं, हातही थांबला नसता. पण कन्नड भाग्याला वाचता येतं.